धर्मगुरूचे ऐकणारा कोण? : ख्रिस्ती धर्मगुरूंचे भावनिक स्वास्थ्य आणि आधाराची रचना

प्रस्तावना

सकाळी अंत्यविधी, दुपारी शाळेच्या व्यवस्थापनाची बैठक, सायंकाळी विवाहसोहळा आणि रात्री दुभंगू पाहणाऱ्या एखाद्या कुटुंबाची समजूत, असा दिवस ख्रिस्ती धर्मगुरूच्या वाट्यास अपवादाने येतो असे नाही. यातील प्रत्येक ठिकाणी प्रसंगाला शोभणारी भावना त्याच्या चेहऱ्यावर, आवाजात आणि शब्दांत असावी लागते. सकाळी ज्या घरातील तरुण मुलगा मातीआड झाला त्या घराचे दुःख मनात ताजे असतानाच सायंकाळी वधूवरांसमोर प्रसन्न मुद्रेने उभे राहावे लागते. या दोन प्रसंगांच्या दरम्यान त्याच्या स्वतःच्या मनाचे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

धर्मगुरूने इतरांना आधार द्यावयाचा असतो, ही समजूत इतकी रूढ आहे की त्यालाही आधाराची गरज भासू शकते ही गोष्ट समाजाच्या, आणि कित्येकदा त्याच्या स्वतःच्याही, ध्यानात येत नाही. अलीकडे या विषयाची चर्चा होऊ लागली असली तरी ती बहुधा प्रार्थना, व्यायाम, आहार, छंद अशा व्यक्तिगत उपदेशापाशी येऊन थांबते. हे उपाय निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु प्रश्नाचे मूळ धर्मगुरूच्या सवयींपेक्षा त्याच्या स्थानात आहे. ज्याच्यापाशी मन मोकळे करावे तो एकतर त्याचा वरिष्ठ असतो किंवा त्याच्याच मंडळीतील सभासद असतो. या दोहोंपलीकडे तिसरा कोणी त्याला सहजी लाभत नाही. प्रस्तुत लेखात या स्थितीचा उलगडा करण्याचा आणि आधाराची रचना कशी असावी याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन परंपरा, दोन प्रकारचे एकटेपण

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. वसई, मुंबई, पुणे, नाशिक येथील कॅथलिक धर्मप्रांत आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, सोलापूर, कोल्हापूर या भागांतील प्रोटेस्टंट मंडळ्या यांचा इतिहास, भाषा आणि रीतिरिवाज वेगवेगळे आहेत. त्यांच्या धर्मगुरूंचे जीवनही तसेच वेगळे आहे.

लॅटिन परंपरेतील कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचारी असतो. एखाद्या संन्यस्त संघाचा सभासद असेल तर तो समूहात राहतो. परंतु धर्मप्रांताच्या सेवेत असलेला धर्मगुरू पुष्कळदा धर्मग्रामाच्या निवासस्थानी एकटा किंवा एखाद्या सहायकासह राहतो. दिवसभर माणसांच्या गराड्यात असलेला हा मनुष्य रात्री रिकाम्या घराचे कुलूप उघडतो. त्यात पापनिवेदनाचे ओझे वेगळेच. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट कोणत्याही कारणाने उघड करण्यास चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेने संपूर्ण मनाई केली आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक व्यक्तीची ओळख लपवून एखाद्या प्रकरणाची ज्येष्ठ सहकाऱ्याशी चर्चा करू शकतो. धर्मगुरूला याबाबतीत अत्यंत सावध राहावे लागते, आणि अनेकजण अजिबात न बोलणेच पत्करतात.

प्रोटेस्टंट मंडळीचा पाळक बहुधा विवाहित असतो. त्यामुळे तो एकाकी नसतो असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्याचे एकटेपण कुटुंबासह असते. पाळकाचे घर म्हणजे चव्हाट्यावरचे घर. पाळकाच्या मुलाला परीक्षेत किती गुण मिळाले, पाळकबाई उपासनेला कोणती साडी नेसल्या, त्यांच्या घरी नवे वाहन कोठून आले, याची चर्चा मंडळीत होते. ग्रामीण भागात पाळकाचे मानधन मोठ्या प्रमाणात सभासदांच्या वर्गणीवर अवलंबून असते. साहजिकच ज्यांच्या चुका दाखवावयाच्या त्यांच्याच हातून पोट भरावयाचे, असा पेच निर्माण होतो. पाळक आपले दुःख पत्नीपाशी सांगतो. परंतु पत्नीने कोणापाशी सांगावे? मंडळीतील मैत्रिणीला सांगितले तर ते आठवडाभरात मंडळीभर होते.

दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान आहे. धर्मगुरू हा बहुतेक वेळा केवळ धर्मगुरू नसतो. शाळेचा व्यवस्थापक, वसतिगृहाचा प्रमुख, महाविद्यालयाचा प्राचार्य, जमिनीच्या दाव्यात कोर्टाच्या पायऱ्या चढणारा विश्वस्त अशी अनेक कामे त्याच्याकडे असतात. ख्रिस्ती संस्थांच्या महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्यांना हे जवळून दिसते. प्रवेश नाकारल्यामुळे ज्या पालकाने शनिवारी प्राचार्यांशी वाद घातला, तोच रविवारी त्यांच्या हातून प्रसाद घेण्यासाठी रांगेत उभा असतो.

थकवा, नैराश्य आणि आत्मिक शुष्कता

या विषयाच्या चर्चेत तीन निरनिराळ्या अवस्थांची गल्लत होते. पहिली अवस्था कामातून येणाऱ्या भावनिक थकव्याची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील परिचारिकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून विशिष्ट भावना प्रकट करणे हेदेखील श्रमच होत आणि त्यांचीही झीज होते, असे या संकल्पनेचे सार आहे. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये तयार केलेल्या मापनपद्धतीत ‘बर्नआउट’ची तीन अंगे धरली आहेत : भावनिक दमणूक, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणातही बर्नआउट हा आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदविला आहे. ब्रिटनमधील अभ्यासक लेस्ली फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंच्या संदर्भात मांडलेला मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. त्यांच्या मते दमणूक आणि सेवेतील समाधान ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. ती एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात, आणि समाधान भरपूर असेल तर दमणूक काही अंशी सोसली जाते. ‘फादर तर आनंदी दिसतात’ हे वाक्य म्हणूनच फसवे ठरते. ते आनंदी असतील आणि मोडकळीसही आलेले असतील.

दुसरी अवस्था नैराश्य या आजाराची. त्यात झोप, भूक, एकाग्रता, जगण्याची इच्छा या सर्वांवर परिणाम होतो आणि त्यास वैद्यकीय उपचारांची गरज असते. तिसरी अवस्था आत्मिक शुष्कतेची : प्रार्थनेत रस न वाटणे, ईश्वर दूर गेल्यासारखा भासणे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी आत्म्याच्या काळोख्या रात्रीचे जे वर्णन केले आहे ते या प्रकारात मोडते, आणि त्यांच्या दृष्टीने ती रात्र हा साधनेचाच एक टप्पा होता.

या तिन्ही अवस्था बाहेरून सारख्या दिसतात. थकलेल्याला रजा हवी असते, आजाऱ्याला डॉक्टर हवा असतो, शुष्कतेतून जाणाऱ्याला अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शक हवा असतो. ज्याला डॉक्टर हवा त्याला ‘अधिक प्रार्थना करा’ असे सांगणे हा केवळ चुकीचा सल्ला ठरत नाही. आपला विश्वासच उणा पडला अशी अपराधाची भावना त्यातून आजारावर चढते. भारतात गेल्या काही वर्षांत धर्मगुरूंच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आहेत, हे ध्यानात घेता ही गल्लत किरकोळ मानता येणार नाही.

ख्रिस्ती परंपरेला मात्र हा भेद अगदीच अपरिचित नव्हता. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील साधक इव्हाग्रियस याने भर दुपारी साधकाला गाठणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले आहे. ऊन हलत नाही, दिवस सरत नाही, खोलीचा वीट येतो, सहसाधकांत प्रेम उरलेले नाही असे वाटू लागते, दुसरीकडे कोठेतरी गेल्यास बरे होईल असे मन सांगते. आजच्या कोणत्याही धर्मग्रामातील धर्मगुरूला यात स्वतःची दुपार ओळखता येईल. त्याहून जुना दाखला ‘जुन्या करारा’तील एलीया संदेष्ट्याचा. मोठ्या विजयानंतर लगेच तो रानात पळून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्या वेळी देवदूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो. आणि पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. ईश्वराचा आवाज त्यानंतर बऱ्याच काळाने येतो. हा क्रम प्रवचनांत क्वचितच अधोरेखित होतो.

रेव्हरंड टिळकांचे घर

मराठी वाचकाला धर्मगुरूच्या अंतरंगाचे सर्वांत जवळचे दर्शन घडते ते एका धर्मगुरूच्या पत्नीच्या लेखनातून. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईही १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. टिळकांना १९०४ मध्ये दीक्षा मिळाली. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत, मुख्यतः अहमदनगर परिसरात, त्यांचे आयुष्य गेले.

लक्ष्मीबाई आपल्या पतीचे देव्हाऱ्यातील चित्र काढत नाहीत. त्यांचे टिळक शीघ्रकोपी आहेत, लहरी आहेत, न सांगता घराबाहेर पडणारे आहेत, हातातील पैसा पहिल्या गरजूला देऊन मोकळे होणारे आहेत. घरात पाहुण्यांचा, आश्रितांचा, परक्या मुलांचा सतत राबता आहे. धर्मांतरामुळे टिळकांचे सगेसोयरे दुरावलेले होते, आणि मिशनमध्ये वरिष्ठ परदेशी होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही स्वतंत्र कल्पना मांडली. त्यांचे काम थांबले नाही. थांबली ती नोकरी. शंभर वर्षांनंतर एखाद्या कवीला मानसशास्त्रातील एखादे लेबल चिकटवणे हा अभ्यासाचा अतिरेक होईल, आणि टिळकांच्या निर्णयामागे धार्मिक व राष्ट्रीय विचार होता हे स्पष्ट आहे. तरीही आपल्या सेवेचे नियंत्रण आणि आपला आत्मिक आधार एकाच संस्थेच्या हाती असल्याचा ताण त्या निर्णयात दिसतो, असे म्हणण्यास जागा आहे.

या ग्रंथाचे आणखी एक मोल आहे. धर्मगुरूच्या मनाचा भार प्रत्यक्षात कोण वाहतो, हे त्यातून कळते. टिळकांचा राग, त्यांची धुंदी, त्यांचे औदार्य या सर्वांची किंमत संसारात लक्ष्मीबाईंनी मोजली. त्यांना विनोदबुद्धीचे आणि अखेरीस लेखणीचे बळ लाभले. सगळ्याच पाळकबाईंना ते लाभत नाही, आणि लाभावे अशी अपेक्षा धरून कोणतीही व्यवस्था उभी राहू शकत नाही.

उत्तर कॅरोलिनातील अनुभव

धर्मगुरूंच्या आरोग्याचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या पाळकांबाबत झाला आहे. ड्यूक विद्यापीठाने २००७ मध्ये हा उपक्रम हाती घेतला. २००८ च्या पाहणीत १,७२६ पाळकांनी, म्हणजे पात्र पाळकांपैकी सुमारे ९५ टक्क्यांनी, भाग घेतला. दूरध्वनीवरील मुलाखतींत नैराश्याचे प्रमाण ८.७ टक्के आढळले. राष्ट्रीय नमुन्यात ते ५.५ टक्के होते. नैराश्याशी कोणत्या बाबी निगडित आहेत हे पाहता कामाचा ताण आणि जीवनातील अनिश्चितता यांच्या जोडीला दोन खास ‘पाळकीय’ बाबी पुढे आल्या : आपण पुरेसे काम करीत नाही ही अपराधाची भावना आणि आपल्याला खरोखर पाचारण झाले आहे की नाही हा संशय. सेवेतील समाधान आणि आर्थिक विवंचनेचा अभाव या गोष्टी मनाचे रक्षण करणाऱ्या ठरल्या.

या पाहणीनंतर दोन वर्षांचा एक व्यापक कार्यक्रम राबविण्यात आला. त्यात १,११४ पाळक सहभागी झाले. आहार, व्यायाम, ताणाचे व्यवस्थापन, वैयक्तिक मार्गदर्शक अशी त्याची अंगे होती, आणि हे सर्व शरीर हे ईश्वरी देणे आहे या धर्मतात्त्विक बैठकीवर मांडले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. रक्तदाब, कंबरेचा घेर यांसारख्या शारीरिक निर्देशकांत सुधारणा झाली व ती टिकली. नैराश्यात आणि ताणात मात्र तशी सुधारणा दिसली नाही.

एवढ्या खर्चाच्या, काळजीपूर्वक आखलेल्या कार्यक्रमाने शरीर सुधारले आणि मन जागच्या जागी राहिले, याचा अर्थ कसा लावावयाचा? एका अभ्यासावरून ठाम विधान करणे धाडसाचे होईल. अमेरिकेतील मेथडिस्ट पाळकाची स्थिती जशीच्या तशी वसईच्या किंवा जालन्याच्या धर्मगुरूला लागूही पडणार नाही. परंतु अपराधाची भावना आणि पाचारणाविषयीचा संशय ही दुखणी चालण्याच्या व्यायामाने जात नाहीत, एवढे तरी यातून सूचित होते. त्यांना ऐकणारा माणूस लागतो.

ऐकणे आणि अधिकार : सेमिनरीत असलेला भेद

असा माणूस चर्चच्या रचनेत अजिबात नाही असे म्हणता येत नाही. उलट सेमिनरीत तो अतिशय विचारपूर्वक निर्माण केलेला आहे. कायदासंहितेच्या २४० व्या कलमानुसार विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की नाही, किंवा त्याला सेमिनरीतून काढावे की नाही, हे ठरविताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही विचारता येत नाही. ऐकणारा निराळा आणि निर्णय घेणारा निराळा. म्हणूनच पुण्याच्या पेपल सेमिनरीतील (जी १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आली) किंवा अन्य कोणत्याही सेमिनरीतील विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकाशी निर्धास्त बोलू शकतो. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९२ च्या पत्राने मानवी जडणघडण हा धर्मगुरूच्या संपूर्ण प्रशिक्षणाचा पाया मानला. व्हॅटिकनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने तर मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावयाची असल्यास विद्यार्थ्याची पूर्वसूचित, स्वेच्छेची आणि लेखी संमती आवश्यक ठरविली.

दीक्षेनंतर हा भेद पुसट होत जातो. धर्मगुरूने मार्गदर्शक निवडावा अशी शिफारस असतेच. परंतु तो शोधणे, त्याच्याकडे जाणे, वेळ काढणे हे सर्व त्याच्या स्वतःवर येऊन पडते. व्यवहारात मनाची गोष्ट बोलावयाची झाली तर दार उरते ते महागुरूंचे. महागुरू मनाने कितीही वत्सल असोत, बदल्यांचा अधिकार त्यांच्याच हाती असतो. ‘मला रात्री झोप लागत नाही’ हे वाक्य पित्यासमोर उच्चारले जाते, परंतु ते वरिष्ठाच्या कानांनी ऐकले जाण्याची भीती असते. प्रोटेस्टंट पाळकाची अवस्थाही निराळी नाही. तेथे बिशपांच्या जोडीला मंडळीची कार्यकारी समिती असते.

प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे. सेमिनरीत चर्चने जो भेद शहाणपणाने पाळला, तोच दीक्षेनंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांसाठीही पाळला जावयास हवा. त्यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही.

आधाराची रचना

हक्काच्या ज्या तरतुदी आहेत त्या प्रथम वापरल्या जाव्यात. कॅथलिक धर्मग्रामाच्या प्रमुखाला वर्षाकाठी एक महिनापर्यंत रजा घेता येते. वार्षिक आध्यात्मिक साधनेचे दिवस त्यात धरले जात नाहीत. प्रत्यक्षात बदली धर्मगुरू न मिळाल्यामुळे, शाळेचे प्रवेश असल्यामुळे किंवा घराचे बांधकाम चालू असल्यामुळे ही रजा राहून जाते. रजा राहून जाणे हे निष्ठेचे लक्षण मानण्याची प्रथा बंद झाल्याखेरीज कलमाचा उपयोग नाही. मोशेने एकट्याने न्यायनिवाडा करण्याचा हट्ट धरला तेव्हा सासरा इथ्रो याने त्याला फटकारले, हा प्रसंग ‘निर्गम’ ग्रंथात आहे. मोशेचा तो सल्लागार त्याच्या लोकांपैकी नव्हता, बाहेरून आलेला होता, ही बाबही लक्षणीय आहे.

समवयस्कांचे लहान गट हा दुसरा मार्ग. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या एकत्र राहण्यास आणि परस्पर भेटीगाठींस उत्तेजन दिले होते. चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा अजेंडा न ठेवता जेवावयास बसणे हे वरकरणी क्षुल्लक वाटते. धर्मप्रांताच्या मासिक सभेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, कारण सभेत कोणाची बदली कोठे होणार याचीच कुजबुज असते.

बदलीच्या काळाकडे विशेष लक्ष हवे. एखाद्या धर्मग्रामात पाच-सहा वर्षे घालविल्यावर तेथील माणसे मनात रुजलेली असतात. एका रविवारी निरोपसमारंभ होतो आणि पुढच्या रविवारी नव्या ठिकाणी स्वागतसमारंभ. मधल्या दुःखाला वेळच ठेवलेला नसतो. निवृत्तीबाबतही हेच. कॅथलिक धर्मगुरूला पंचाहत्तराव्या वर्षी धर्मग्रामाच्या पदाचा राजीनामा देण्याची विनंती असते; ज्याचे सारे नातेगोते कामातून निर्माण झाले त्याच्यापासून काम काढून घेतल्यावर काय उरते, याची तयारी सत्तरीत सुरू झालेली बरी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. भावनिक आधाराच्या नावाखाली गैरवर्तनाची प्रकरणे झाकली जाण्याचा धोका खरा आहे. अनेक देशांत मुलांवरील अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना उपचारासाठी पाठवून, नंतर गुपचूप दुसरीकडे नेमण्यात आले, हा इतिहास आहे. अशा प्रकरणी पीडिताचा न्याय प्रथम येतो आणि देशाचा कायदा लागू होतो. आजारी धर्मगुरूची गोपनीयता आणि गुन्हा दडपणे या गोष्टी एक नव्हेत. हा फरक नियमांत स्पष्ट लिहिलेला असेल तरच प्रामाणिकपणे मदत मागणारा धर्मगुरू संशयाच्या नजरेतून सुटेल.

उरतो तो व्यावसायिक मदतीचा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या २३ व्या कलमाने उपचार घेणाऱ्याचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा उपलब्ध आहे आणि तेथे नाव न सांगता बोलता येते. लहान गावातील धर्मगुरूसाठी ही सोय मोलाची आहे, कारण तालुक्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर पाळक बसलेला दिसला की संध्याकाळपर्यंत मंडळीत बातमी पोहोचते. दीर्घ उपचारांसाठी मात्र धर्मप्रांताने दूरच्या शहरातील दोन-तीन समुपदेशकांशी आधीच करार करून ठेवावा आणि त्यांची नावे सर्व धर्मगुरूंना कळवावीत. पाळकाच्या पत्नीला आणि मुलांनाही त्या यादीतील कोणाकडेही परस्पर जाता यावे.

यात शुल्काची बाब किरकोळ दिसते, तरी सर्व काही तिच्यावरच अडते. धर्मगुरूचे मानधन तुटपुंजे असते. शुल्क त्याने भरावे म्हटले तर तो जात नाही. बिशप कार्यालयाने भरावे म्हटले तर त्याच्या नावाचे बिल कार्यालयातील लेखनिकाच्या टेबलावर जाते, आणि मग तो मुळीच जात नाही. यावर उपाय साधा आहे. समुपदेशकाने तिमाहीस एकच देयक पाठवावे, त्यावर केवळ भेटींची एकूण संख्या आणि रक्कम असावी, नाव कोणाचेही नसावे.